रात्रीचा कोरडा खोकला

दिवसा ज्या खोकल्याची कोणी फारशी दखल घेत नाही, तोच खोकला रात्री दिवा मालवल्यावर साऱ्या घराला जागे ठेवतो. कफ पडत नाही, ताप नसतो, भूकही बरी असते. केवळ घशाशी एक खवखव सुरू होते आणि उबळीमागून उबळ येत राहते. पांढुर्णा आणि सौसर या भागांत दिवाळीनंतर असे रुग्ण घरोघरी आढळतात. कापसाची वेचणी आणि जिनिंग सुरू झालेले असते, रात्री थंडी पडू लागते, दारे-खिडक्या बंद होतात आणि चुलीत पऱ्हाट्या जळू लागतात. मग सकाळी उठून कोणी तरी औषधांच्या दुकानात जातो आणि म्हणतो, “खोकल्याची एखादी चांगली बाटली द्या.” या एका वाक्याविषयीच आज मला प्रामुख्याने बोलावयाचे आहे.

या बाटलीने आपल्याच परिसरात काय केले ते अद्याप कोणी विसरलेले नाही. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. त्याच छिंदवाडा जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातील परासिया येथे, २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून लहान मुले एका विचित्र रीतीने आजारी पडून दगावू लागली. आरंभी साधे पडसे, खोकला आणि ताप. मग दोनचार दिवसांत लघवी बंद. मुलांना घेऊन आईबाप नागपूरच्या रुग्णालयांकडे धावले. प्रथम पाण्यावर संशय गेला, काही साथीच्या रोगांवर गेला. शेवटी दोष सापडला तो ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या, तामिळनाडूत तयार झालेल्या पातळ औषधात. तेथील औषध प्रशासनाने केलेल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. या द्रव्याची औषधातील सह्य मर्यादा ०.१ टक्का इतकीच आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली. पण तोवर फार उशीर झाला होता. मृतांचा आकडा विसांवर गेला, तेव्हा शासनाने दिलेल्या तपशिलात बहुसंख्य मुले छिंदवाड्याची, दोन बैतूलची आणि एक पांढुर्णा जिल्ह्यातील होते.

हे विष औषधात येते कसे, असे कोणीही विचारील. पातळ औषधे बनविताना मूळ द्रव्य विरघळविण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांतील, मोटारींच्या ब्रेकच्या तेलासारख्या कामांतील द्रव्य. दिसावयास तसेच स्वच्छ, तसेच दाट, चवीला तसेच गोड, आणि किमतीला स्वस्त. जिभेला फरक कळत नाही. तो कळतो मूत्रपिंडाला. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधातून शंभरावर माणसे याच द्रव्याने मेली, आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा नवा कडक कायदा झाला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष रुग्णांच्या पोटात गेले आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात मुलांचे असेच बळी गेले. इतक्या वेळा घडलेल्या गोष्टीला अपघात म्हणावयास माझे मन तयार होत नाही. कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासणे हे कारखान्याचे काम आणि कारखाना तपासणे हे शासनाचे. मात्र ती बाटली आपल्या मुलाला मुळात हवी होती काय, हा प्रश्न घरातच विचारता येण्याजोगा आहे.

आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे. केंद्रीय आरोग्य खात्याने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांना कळविले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-पडशाची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत. त्यापूर्वी, डिसेंबर २०२३ मध्येच, पडशावरील एका प्रचलित मिश्रणाच्या बाटलीवर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असा इशारा छापण्याची आज्ञा झाली होती. मोठ्या माणसांच्या बाबतीतही ही औषधे फार गुण देतात असा भक्कम पुरावा मिळत नाही. कित्येक बाटल्यांत खोकला दाबणारे द्रव्य आणि कफ सोडविणारे द्रव्य शेजारी शेजारी नांदत असते. गाडीला एकाच वेळी पुढून आणि मागून बैल जुंपावेत, तसा हा प्रकार आहे.

मग रात्रीच्या खोकल्याला उपाय काय? उपायापूर्वी तो रात्रीच का वाढतो हे पाहिले पाहिजे. दिवसा नाकातला पातळ स्राव आपण नकळत गिळत असतो; आडवे झाल्यावर तो घशाच्या मागच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि स्वरयंत्राला गुदगुल्या करतो. पोटातील आम्लही आडव्या देहात सहज वर चढते. श्वासनलिका पहाटेच्या सुमारास निसर्गतःच थोड्या आकसतात, म्हणून दम्याची प्रवृत्ती असलेल्यास दोनतीनच्या ठोक्याला जाग येते. अशा दम्यात कित्येकदा घरघर मुळीच नसते, नुसता कोरडा खोकला असतो. रुग्ण वर्षानुवर्षे ‘घशाचा त्रास’ म्हणून गुळण्या करीत बसतो. श्वासावाटे घेण्याच्या योग्य औषधाने तो थोड्याच काळात शांत होतो. आपल्याकडे मात्र त्या पंपाची लोकांना उगीच भीती वाटते.

साध्या पडशानंतर राहिलेला कोरडा खोकला तीन आठवडे, क्वचित् आठ आठवडेही रेंगाळतो आणि आपण होऊन जातो. त्यासाठी घरातल्या वस्तू पुरेशा आहेत. निजण्यापूर्वी चमचाभर मध चाटावा. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर झालेल्या एका चाचणीत, खोकला दाबणारे नेहमीचे औषध, मध आणि काहीच न देणे यांची तुलना केली, तेव्हा आईबापांच्या मते रात्र सर्वांत बरी गेली ती मध घेतलेल्या मुलांची. आपल्या आजीबाईंना त्यासाठी चाचणीची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी! परंतु आजीबाईंची एक रीत येथे सोडली पाहिजे. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही लावू नये, गुटीतूनही देऊ नये. मधात क्वचित् असे जंतुबीज असते की, जे तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करते. मोठ्यांनी कोमट पाणी घोट घोट प्यावे, ज्येष्ठमधाची काडी किंवा खडीसाखर तोंडात धरावी, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. हळदीचे दूध घेण्यास हरकत नाही; पण ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी भरपेट जेवून वर पेलाभर दूध पिऊन लगेच अंथरुणावर पडणे हे खोकल्याला निमंत्रण देण्यासारखे आहे. त्यांनी निजण्यापूर्वी तीन तास जेवण उरकावे आणि खाटेच्या उशाकडील दोन पायांखाली विटा ठेवाव्यात. उशांवर उशा रचल्याने मान तेवढी वाकते आणि पोट दाबले जाते. उपयोग होत नाही.

संत्र्याने खोकला होतो काय, हा प्रश्न तर या संत्र्यांच्या मुलखात मला नेहमीच विचारला जातो. संत्र्याने पडसे होत नाही. आम्लपित्ताच्या माणसाने ते रात्री खाऊ नये, इतकेच. दुपारी उन्हात बसून खावयास कोणाची हरकत असणार!

आता धंद्याकडे वळू. जिनिंगमध्ये रेच्यावर काम करणाऱ्याच्या छातीत कापसाची बारीक धूळ जाते. या रोगाला इंग्रज डॉक्टरांनी सोमवारचा ताप असे नाव दिले होते, कारण साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि खोकला सुरू होतो. पुढे पुढे तो आठवडाभर राहतो आणि वर्षांनंतर कायमचा होतो. हंगाम संपला की बरे वाटते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रणा असणे हा मजुराचा हक्क आहे, त्याने नाकावर फडके बांधले म्हणजे मालकाची जबाबदारी संपत नाही. तरीही घरी आल्यावर कपडे बाहेर झटकून, डोके धुऊन मग निजावे. एरवी केसांतली सरकीची लव उशीवर उतरते आणि रात्रभर नाकाशी राहते. सौसरच्या मँगनीजच्या खाणींत दगड फोडणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. दगडाच्या धुळीतील गारेचे कण फुप्फुसात कायमचे रुततात. त्यांचा खोकला बाटलीने जात नाही, छातीचे चित्र काढावे लागते. आणि ज्या माउलीने खाण पाहिली नाही की जिनिंगही पाहिले नाही, ती पऱ्हाट्यांच्या आणि गोवऱ्यांच्या धुरात रोज दोन वेळा बसते. तिच्या खोकल्याची चौकशी सर्वांत शेवटी होते.

एका विस्मृतीत गेलेल्या कारणाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. १९४० साली मदनपल्लीच्या क्षयरोग-आरोग्यधामातील डॉक्टरांच्या ध्यानात आले की, क्षयी म्हणून आलेल्या काही रुग्णांच्या थुंकीत क्षयाचे जंतूच नाहीत. त्यांना रात्री कोरड्या खोकल्याच्या भयंकर उबळी येतात, आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या असतात. पुढे सिद्ध झाले की, हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध शरीराने उभारलेली ही अतिरेकी प्रतिक्रिया होय. डास चावतो पायाला आणि झोप उडते खोकल्याने! विदर्भात हत्तीरोगाचे वास्तव्य जुने आहे आणि पांढुर्णा त्याला लागूनच. साध्या रक्ततपासणीने शंका येते आणि हेट्राझानच्या तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांना गुण येतो. हे औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली १९४०–५० च्या दशकात अमेरिकेत शोधले गेले. निदान न झाल्यास मात्र माणूस वर्षानुवर्षे बाटल्या रिचवीत राहतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असाच खोकला होतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते त्या. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देतात आणि काही आठवड्यांत खोकला ओसरतो. आडवे होताच दम लागून उठून बसावे लागत असेल आणि पायांवर सूज असेल, तर तो खोकला हृदयाचा समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला कोणताही खोकला क्षयाच्या तपासणीस पात्र आहे; संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मुलाला उबळीनंतर ओकारी होत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा हरभरा-शेंगदाणे खाताना ठसका लागून मग खोकला राहिला असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. कोणतेही पातळ औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली, तर ते औषध तत्काळ थांबवून मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा चार गोष्टी सांगा: खोकला रात्री किती वाजता येतो, बसल्यावर थांबतो काय, तुमचा धंदा कोणता आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. आतापर्यंत घेतलेल्या सर्व बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. त्यांच्या लेबलावर बनविणाऱ्याचे नाव, खेपेचा क्रमांक आणि मुदत छापलेली असते. आणि दुकानातून नवी बाटली घ्यावीच लागली, तर बिल मागून घ्या आणि त्यावर तो खेपेचा क्रमांक लिहिला आहे की नाही, ते दुकानातच पाहा.