तंबोऱ्याचें रोगण

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा हें गांव मिरचीच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध आहे. अशा व्यापारी गांवींही एखाद्या जुन्या घराच्या कोपऱ्यांत गवसणी घातलेला तंबोरा उभा असतो. समजा, आजीच्या पश्चात् कित्येक वर्षांनीं नात गाणें शिकूं लागली आणि ती गवसणी निघाली. दांडीवर ओरखडे, भोपळ्यावर ओलीनें उमटलेला पांढरा डाग, तबलीच्या कडेचा टवका उडालेला! घरांतील उत्साही मंडळी लागलीच कांचकागद घेऊन सरसावतात. सगळें घासून काढावें आणि तंबोरा नवा कोरा करावा, असा त्यांचा बेत. वाद्यावरील खरें संकट तें हेंच.

महाराष्ट्रांतील तंबोऱ्यांचें माहेरघर मिरज. एकोणिसाव्या शतकांत तेथील फरीदसाहेब ह्या शिकलगारानें शस्त्रांचें काम सोडून तंतुवाद्यांचें काम हातीं घेतलें, आणि पुढील पिढ्यांनीं तो व्यवसाय वाढविला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागिरांचें परंपरागत रोगण म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. ह्या रोगणाचे अतिशय पातळ हात एकावर एक देतात. तबली थरथरते म्हणून सूर घुमतो. जाड लेप तिच्यावर ओझें होऊन बसतो. शिवाय कांचकागदानें रोगणाबरोबर लांकूडही झिजतें, आणि झिजलेलें लांकूड परत येत नाहीं.

लाख हा पळस, बोर, कोसंब अशा झाडांवर राहणाऱ्या कीटकाचा स्राव होय. तिचा मोठा गुण असा, कीं वाळलेला जुना थरही नव्या स्पिरिटानें मऊ होतो आणि नवा थर त्यांत एकजीव होतो. म्हणून जखम असेल तेवढीच बुजवितां येते. मात्र प्रथम परीक्षा करावी. भोपळ्याच्या बुडाशीं, सहसा न दिसणाऱ्या जागीं, स्पिरिटाचा बोळा क्षणभर टेकवावा. जागा चिकट झाली तर रोगण बहुधा लाखेचें. त्याच घरीं नातवाची विजेची गिटार असेल, तर तिला हा उपचार लागू पडेलच असें नाहीं. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत बनणाऱ्या गिटारींवर बहुधा नायट्रोसेल्युलोजचें लॅकर असे. तें आपल्या थिनरमध्यें विरघळतें. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टरचें किंवा पॉलियुरेथेनचें कठीण कवच असतें. तें स्पिरिटास दाद देत नाहीं.

परीक्षा झाल्यावर तारा सैल कराव्या, घोडी कापडानें झांकावी आणि मऊ फडक्यानें धूळ पुसावी. पांढरा डाग म्हणजे रोगणांत अडकलेली ओल. स्पिरिटाचा नुसता ओलावा असलेलें फडकें त्यावरून हलकेंच, न थांबतां, एकदां फिरवावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच डाग निघतो. ओरखड्यासाठीं १० ग्रॅम चपडी लाख १०० मिलिलिटर स्पिरिटांत रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. बारीक कुंचल्यानें ती ओरखड्यांतच भरावी. वाळली कीं पुन्हां भरावी. असे सहा-आठ हात दिल्यावर भर किंचित् उंच दिसतो. मग आठ दिवस वाद्यास हात लावूं नये. नंतर अत्यंत बारीक कांचकागदावर तेलाचा थेंब घेऊन तो उंचवटा तेवढा सपाट करावा. रंग मिसळावयाचा झाल्यास फिकट बाजूनें चालावें. फिकट रंग गडद करतां येतो, गडद झालेला फिकट करणें कठीण.

पावसाळ्यांत हें काम काढूं नये. दमट हवेंत नवें रोगणही पांढरें पडतें. खानदेशची हिवाळी कोरडी हवा ह्यास उत्तम. उन्हाळ्यांत भर दुपारीं स्पिरिट इतकें झपाट्यानें उडतें, कीं कुंचला जागच्या जागीं अडखळतो. तेव्हां सकाळची वेळ साधावी. स्पिरिट ज्वालाग्राही आणि पोटांत गेल्यास विषारी आहे. चूल, समई व लहान मुलें ह्यांपासून तें दूर ठेवावें.

भोपळ्यास तडा गेला असेल, दांडीचा सांधा हलत असेल किंवा जवारी बिघडली असेल, तर घरचा शहाणपणा पुरे करून तंबोरा कारागिराकडे न्यावा.

आणखी एक गोष्ट. दांडीच्या मध्यावर, जेथें तारा छेडणारा हात वर्षानुवर्षें टेकला, तेथें रोगण झिजून लांकूड गुळगुळीत झालेलें असतें. तो दोष नव्हे. ती आजीच्या रियाजाची खूण आहे. तिच्यावर कुंचला फिरवूं नये. तारा पुन्हां चढवाव्या आणि नातीचा हात तेथेंच टेकूं द्यावा.