दीड मिनिटाची गोष्ट आणि मुलांची वही

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'माझा आवडता सण' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला आहे, आणि बहुतेकांनी पाठ करून लिहिला आहे. दिवाळीत चार दिवस माती कालवून किल्ला उभारणारं मूल निबंधात त्या किल्ल्याला एक ओळ देतं. उरलेली पानं दिव्यांच्या रोषणाईला आणि फराळाच्या यादीला. त्याच्याकडे सांगण्यासारखं नसतं असं नाही. पहिलं वाक्य उसनं घेतलं, की पुढची वाक्यंही उसनीच येतात.

ब्रिटनमधल्या अनेक प्राथमिक शाळांनी यावर एक वाट काढली आहे. नाताळच्या सुमारास वर्गात एखादा छोटा सणाचा चित्रपट दाखवायचा आणि त्यावरून मुलांना लिहितं करायचं. पुष्कळदा तो चित्रपट म्हणजे दुकानाची जाहिरातच असते. जॉन लुईस या दुकानसाखळीची २०११ सालची 'द लाँग वेट' ही त्यातली एक. लांबी जेमतेम दीड मिनिट. एक मुलगा नाताळची वाट पाहतोय. घड्याळाचा काटा हलत नाही म्हणून जादूगाराचा वेष करून घड्याळावर कांडी फिरवतो. जेवण भराभर संपवून अंथरुणात शिरतो. संवाद नाहीत, मागे फक्त गाणं. शेवटी सकाळ होते, मुलगा डोळे उघडतो.

शिक्षकाने नेमकं इथे थांबवायचं आणि सांगायचं, पुढचं तुम्ही लिहा.

बहुतेक वह्यांत मुलगा आपल्या भेटवस्तू उघडणार. उघडू द्यावा. मग उरलेला भाग दाखवायचा. स्वतःसाठी ठेवलेल्या भेटींकडे तो ढुंकूनही पाहत नाही. कपाटातून वेडीवाकडी गुंडाळलेली एक भेट काढतो आणि आईबाबांच्या खोलीकडे निघतो. त्याला घ्यायचं नव्हतं, द्यायचं होतं!

खरं काम यानंतर सुरू होतं. मुलांना पुन्हा पहिल्या दृश्यापाशी न्यायचं. आता तुम्ही तो मुलगा आहात, कपाटात काय दडवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला इतक्यात कळू द्यायचं नाही. घड्याळ तेच, कांडी तीच, पण प्रत्येक वाक्याच्या पोटात आता एक गुपित आहे. लेखकाला शेवट माहीत असतो आणि तो दडवून ठेवायचा असतो, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कुठल्या मार्गाने इतक्या लवकर कळेल, मला सुचत नाही. आपल्याकडे पुन्हा लिहायला सांगणं म्हणजे शिक्षा. इथे पुन्हा लिहिण्याला कारण मिळतं.

जरा मोठा पट हवा असेल तर 'द स्नोमॅन' आहे, एका मुलाची आणि त्याच्या हिममानवाची गोष्ट. रेमंड ब्रिग्जचं मूळ पुस्तक १९७८ चं, तेही शब्दांशिवाय, नुसत्या चित्रांचं. त्यावरचा सुमारे सव्वीस मिनिटांचा चित्रपट १९८२ च्या नाताळात दूरचित्रवाणीवर आला. पुस्तकात नाताळ नाहीच. नाताळबाबाची भेट चित्रपटवाल्यांनी घातली आणि त्याने मुलाला दिलेला मफलरही. शेवटी हिममानव वितळलेला असतो, पण मफलर मुलाच्या खिशात सापडतो. आता तो घरात जाऊन आईला काय सांगेल? ते लिहा.

हे सगळं साधतं ते संवाद नसल्यामुळे. निवेदक बोलू लागला की मुलं त्याचीच वाक्यं वहीत उतरवतात. म्हणून माझा आग्रह आहे, बोलका चित्रपट असेल तर आवाज बंद करा.

जाहिरातींबद्दल मात्र सावध राहायला हवं. २०१४ साली सेन्सबरीज या दुकानसाखळीने पहिल्या महायुद्धातल्या १९१४ च्या नाताळावर बेतलेली जाहिरात केली. खंदकांतले ब्रिटिश आणि जर्मन सैनिक बाहेर येऊन फुटबॉल खेळतात आणि एक चॉकलेट या हातातून त्या हातात जातं. तेच चॉकलेट दुकानात विकायला होतं. विक्रीतला नफा माजी सैनिकांच्या संस्थेला गेला हे खरं, तरी युद्धातल्या मरणाला दुकानाची पाटी लागली, हेही खरं. हे कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, हे मोठ्या मुलांना विचारल्याशिवाय अशी जाहिरात वर्गात लावू नये.

आपल्या मुलांना असं लिहिण्यासाठी बर्फही नको आणि नाताळही नको. गेल्या दिवाळीतली किल्ल्यांची चित्रणं तुमच्या फोनमध्ये पडून असतील. पेरलेले अळीव उगवलेत, बुरुज एका बाजूने खचलाय, एक मावळा आडवा पडलाय, आणि कोणाचा तरी हात त्याला उचलायला येतोय. त्यातलं मिनिटभर निवडा, आवाज काढून टाका आणि हात मावळ्यापर्यंत पोहोचण्याआधी थांबवा. ज्यांनी तो किल्ला पाहिलेला नाही अशा दुसऱ्या शाळेतल्या मुलांना ते दाखवा. हात कोणाचा, मावळा पडला कसा, ते त्यांना लिहू द्या. मग त्या वह्या किल्ला बांधणाऱ्या मुलांकडे आणा आणि त्यांना उत्तर लिहू द्या.

जूनमध्ये शाळा उघडतील. ज्या शिक्षकांना हे करून पाहायचं असेल त्यांनी आज जाताना मला भेटावं. मी वर्गात येऊन बसायला तयार आहे.