तळघराचा वाद: ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधील हेतू आणि कथातर्क

भयपट पाहून झाल्यावर रंगणाऱ्या वादांपैकी एक वाद अर्धशतक उलटले तरी मिटलेला नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या कृष्णधवल चित्रपटात पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरात सात माणसे अडकतात, बाहेर उठलेली प्रेते माणसांचे मांस खात हिंडत असतात, आणि घरातला बेन हा तरुण म्हणतो की दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून वरच राहावे, तर हॅरी कूपर हा मध्यमवयीन गृहस्थ म्हणतो की तळघरात उतरून त्याचे एकुलते एक दार आतून अडवावे. चित्रपटभर प्रेक्षक बेनच्या बाजूने असतो. परंतु शेवटी घर पडते, बाकीचे सगळे मरतात आणि एकटा बेन रात्र काढतो ती त्याच तळघरात, कूपरने सांगितलेल्या त्याच दाराआड. तेव्हा बरोबर कोण होते, हा प्रश्न वेताळाने विक्रमाला घालावा अशा तोडीचा आहे.

अशा प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हेतू म्हणजे पात्राला काय हवे आहे व ते तसे का वागते. आणि कथातर्क म्हणजे चित्रपटाने स्वतःच घालून दिलेल्या नियमांनुसार एका घटनेतून दुसरी घटना निघते की नाही. या चित्रपटात या दोहोंचे वाटप चमत्कारिक आहे. मराठी माणसाच्या ओळखीच्या भुताला बहुधा काहीतरी हवे असते: मुंज्याचे आयुष्य अपुरे राहिलेले असते, समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला असतो, आणि ते कळले की तोडगाही सुचतो. रोमेरो यांच्या प्रेतांना भुकेपलीकडे काही नाही. शुक्राकडून परतणाऱ्या उपग्रहाबरोबर आलेल्या किरणोत्साराचे एक कारण बातम्यांत सुचवले जाते, पण चित्रपट ते ना सिद्ध करतो ना त्याच्या फार मागे लागतो. भुताला हेतू नसल्यामुळे हेतूंचा सगळा भार घरातल्या जिवंत माणसांवर येऊन पडतो, आणि म्हणूनच वाद भुतांवरून न होता माणसांवरून होतो.

कूपरचा प्रवेश या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. बेनने घामाघूम होऊन निम्मे घर ठोकून काढल्यावर तळघराचे दार उघडते आणि आत इतका वेळ पाच माणसे होती हे कळते: कूपर, त्याची पत्नी हेलन, त्यांची आजारी मुलगी कॅरन आणि टॉम व ज्यूडी हे तरुण जोडपे. बेन विचारतो की किंकाळ्या ऐकू येत असताना मदतीला कोणी वर का आले नाही. कूपर आधी म्हणतो की खाली नीटसे काही ऐकू येत नव्हते, आणि थोड्याच वेळात म्हणतो की घर मोडून पडत असल्यासारखा आवाज येत होता, मग जीव धोक्यात कोण घालणार; बेन ही विसंगती जागच्या जागी पकडतो. वास्तविक कूपरची तळघराची सूचना या खोटेपणावर मुळीच अवलंबून नाही, एकच दार राखणे दहा ठिकाणे राखण्यापेक्षा सोपे असते हे खोटारड्याने सांगितले तरी खरेच असते; पण त्या क्षणानंतर तिच्याकडे योजना म्हणून कोणी पाहत नाही, पडद्यावर नाही आणि प्रेक्षागृहातही नाही. कार्ल हार्डमन यांनी हा कूपर वचावचा बोलणारा केला आहे. उलट बेनचे पात्र मूळ लिखाणात बरेच रांगडे ट्रकचालकाचे होते, आणि ड्वेन जोन्स या नटाने त्याची भाषा बदलून त्याला शांत व सुशिक्षित वळण दिले. प्रेक्षक बेनच्या योजनेला मत देतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो बेनच्या आवाजाला मत देत असतो. चित्रपटाचे खरे यश येथे आहे: शहाणा सल्ला अप्रिय माणसाच्या तोंडी घातला आहे.

तरीही कूपर बरोबर होता एवढे म्हणून वाद संपत नाही, कारण तळघरात कॅरन आहे. तिला एका प्रेताने चावा घेतला आहे आणि ती रात्रीतच मरून उठणार आहे, हे आजच्या प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळते. ती उठणार हे घरातल्या कोणालाही ठाऊक नसते. पात्रापेक्षा प्रेक्षकाला अधिक ठाऊक असल्यामुळे निर्माण होणाऱ्या या विषमतेला नाट्यशास्त्रात नाट्यगत उपरोध म्हणतात, आणि पात्रांना मूर्ख ठरवणारे बहुतेक आक्षेप ती विसरल्यामुळे घेतले जातात. चावल्याने माणूस उठतो हा नियम नंतरच्या शेकडो चित्रपटांनी पक्का केला आहे. त्याच उसन्या नियमांपैकी दुसरा, की अशी प्रेते निर्बुद्ध असतात, तर येथे लागूही पडत नाही: सुरुवातीला दफनभूमीत दिसणारे पहिलेच प्रेत दगड उचलून मोटारीची काच फोडते.

येथे वादाचा गाभा लागतो. वर धोका आहे, पण वर रेडिओ आहे, नंतर दूरचित्रवाणी संच सापडतो. खाली सुरक्षितता आहे, पण बातमी नाही. हेलन नवऱ्यावर चिडते तेही याच मुद्द्यावर, की वर रेडिओ असताना त्याने सगळ्यांना खाली कोंडून ठेवले. दूरचित्रवाणीवरून नुकतेच मेलेले उठतात आणि प्रेते ताबडतोब जाळावीत, हे सांगितले जाते. मुलीला काही रोगाची बाधा झाली असावी, ही शंकाही घरात एकदा बोलून दाखवली जाते. हे दोन धागे कोणी जोडत नाही, कारण जोडणे म्हणजे आईबापांच्या देखत त्या मुलीविषयी जे बोलायचे ते बोलणे. सातही जण मुकाट्याने खाली उतरले असते तर एका लहान मुलीला सहा प्रौढांनी आवरले असते, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो आकड्यांपुरता ठीक आहे. फक्त त्या सहांत तिचे वडील आहेत.

मिळालेल्या बातमीचा उपयोग मात्र उलटाच होतो. आधी घरातच राहा म्हणणारे अधिकारी आता मदत केंद्रांकडे जा म्हणतात, मुलीला डॉक्टर मिळेल म्हणून कूपरही तयार होतो, आणि बेनच्या ट्रकमध्ये इंधन भरायला गेलेले टॉम व ज्यूडी आगीत मरतात. पेटती मशाल घेऊन पेट्रोलच्या पंपाशी जाणे, हा कथातर्कातला सर्वांत कच्चा दुवा आहे आणि त्याचा बचाव करण्यात अर्थ नाही.

अधिक अवघड आहे ती बंदुकीची गोळी. बेन पळत परत येतो तेव्हा कूपर दार उघडत नाही, बेन लाथेने दार फोडून आत आल्यावर त्याला बडवून काढतो. पुढे प्रेते घरात घुसत असताना कूपर बंदूक बळकावतो, बेन ती हिसकावून परत घेतो आणि त्याला गोळी घालतो. गोळी सुटते तेव्हा कूपरच्या हातात काहीच नसते. ही कृती स्वसंरक्षणाची ठरत नाही, ती रागाची आहे, आणि कौतुकाच्या भरात नायकाच्या नावावर ती मांडायला बरेच समीक्षक विसरतात. जखमी कूपर शेवटी मुलीपाशीच खाली जातो. त्याचा हेतू पहिल्यापासून तोच होता.

घरातली सातवी व्यक्ती म्हणजे बार्बरा; तिच्याविषयी फार बोलण्याजोगे नाही. भाऊ डोळ्यांदेखत गेल्यावर ती सुन्न होऊन बसते, हे मानसिक आघात म्हणून पटते, पण लेखकांनी तिला तेवढ्यावरच सोडून दिले. टॉम सॅव्हिनी यांच्या १९९० सालच्या नव्या आवृत्तीत हीच बार्बरा म्हणते की प्रेते इतकी संथ आहेत की त्यांच्यामधून चालत निघून जाता येईल, आणि वर-खालीचा सगळा तंटाच निकालात काढते. तिसरा पर्याय पहिल्या चित्रपटातही होता. भांडणाच्या गदारोळात तो कोणाला सुचला नाही.

सकाळी शेरीफची माणसे गोळ्या झाडत येतात, बेन आवाज ऐकून वर खिडकीशी येतो आणि त्याला प्रेत समजून लांबूनच ठार केले जाते. त्याने हाक का मारली नाही, असा आक्षेप घेतला जातो. रात्रभर आवाजाने संकट ओढवलेले पाहिलेला माणूस सावधपणे आधी पाहणारच, हे त्याचे उत्तर पुरेसे आहे. मारणाऱ्यांनी खात्री का केली नाही, हा प्रश्न अधिक जड आहे. पटकथेत बेनचा वर्ण सांगितलेला नव्हता आणि जोन्स यांची निवड चाचणीतून झाली, हे खरे. परंतु १९६८च्या अमेरिकेत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वर्षी, बंदूकधारी गोऱ्यांच्या टोळीने एका कृष्णवर्णीय माणसाला न विचारता मारणे आणि त्याचे प्रेत आकड्यांनी ओढून चितेवर टाकणे, हे दृश्य वर्णाविना वाचता येत नाही. लेखकाच्या मनात नसलेला अर्थ चित्रपटात उतरू शकतो, आणि येथे तो उतरला आहे.

निकालच द्यायचा तर तो असा: दाराविषयी कूपर बरोबर होता, बातमीविषयी बेन बरोबर होता, आणि एकमेकांविषयी दोघेही चूक होते.

अमेरिकेतील मराठी मंडळांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगण्याजोगी आहे. वितरकाने ऐनवेळी चित्रपटाचे नाव बदलले, नव्या नावाच्या पाटीवर कायद्याने तेव्हा आवश्यक असलेली स्वामित्वहक्काची सूचना राहून गेली, आणि सुमारे १,१४,००० डॉलरांत बनलेली ही कृती प्रदर्शित होताच सार्वजनिक मालकीची झाली. हा चित्रपट दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिराला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हेही ठाऊक असावे की याच मालिकेतला १९७८चा पुढचा चित्रपट तिथून जवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये चित्रित झाला. मंडळाने एखाद्या शनिवारी हा ९६ मिनिटांचा चित्रपट जरूर लावावा, ट्रक पेटण्याच्या आधी थांबवावा, आणि वर की खाली यावर हात वर करून मते घ्यावीत.