सेवेच्या तासाला हिशेबाची वही



शिक्षकांच्या संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्या विषयांना स्पर्श करावा, अशी अपेक्षा असते. मी ती पूर्ण करणार नाही. आपण परतवाड्यात जमलो आहोत, म्हणून एकाच गोष्टीबद्दल बोलतो. शाळा-महाविद्यालयांत आपण सेवेचे उपक्रम घेतो, त्यातून मुलांना गरीब माणूस भेटतो. तो गरीब का आहे, हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही.

परतवाडा हे मेळघाटाचे दार आहे. चिखलदऱ्याचा घाट इथून चढतो, सेमाडोह-हरिसालवरून धारणीला जाणारी वाट इथून निघते. खाली अचलपूर, चांदूरबाजारच्या संत्राबागा आणि अंजनगाव सुर्जीचे पानमळे, वर कोरकू आदिवासींची गावे. दिवाळी आटोपली की वरची माणसे लेकराबाळांसह खाली मजुरीला उतरतात आणि होळीला हमखास घरी परततात. त्यामुळे विषमता दाखवायला आपल्याला मुलांची सहल काढावी लागत नाही. मजुरांच्या ठिय्यावर ती सकाळी उभी असते. बरेचदा ती आपल्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेली असते.

त्या तिसऱ्या बाकाकडे आधी पाहू या. शाळेत धान्य गोळा करायचे ठरते. सूचना निघते, प्रत्येकाने घरून किलोभर तांदूळ आणावेत. फळ्यावर नावे लिहिली जातात, कुणी किती आणले तेही लिहिले जाते. ज्या मुलाच्या घरी रेशनचाच तांदूळ शिजतो, तो त्या दिवशी शाळेत येत नाही, किंवा आईशी भांडून मूठभर घेऊन येतो. पुढे तेच धान्य ज्या वस्तीत वाटायला जाते, ती वस्ती त्याचीच असते. फोटो काढताना तो कुठे उभा राहील? देणाऱ्यांच्या रांगेत की घेणाऱ्यांच्या? आपण ‘आपण’ आणि ‘गरीब’ असे दोन गट पाडतो, तेव्हा आपल्याच एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतो. नावे फळ्यावर लिहू नका आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नका, एवढे तर आजपासून पाळता येईल. त्याला ना परिपत्रक लागते ना निधी.

सेवेला अभ्यासाचा भाग करण्याची कल्पना आपल्या विदर्भाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नई तालीम सेवाग्रामात रुजली. हाताने काम केल्याशिवाय समाज कळत नाही, हा तिचा पाया होता. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची घडण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नालीसफाई होते, शोषखड्डे खणले जातात, संध्याकाळी पथनाट्य होते. यातले काहीच वाया गेलेले नाही. माझे मागणे इतकेच आहे की या २४० तासांतले काही तास हिशेबाला द्यावेत.

हिशेब कसा, ते सांगतो. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. केंद्राच्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी होती. म्हणजे २९,७०० रुपये. घरात पाच माणसे धरा. माणशी वर्षाला ५,९४० रुपये होतात, दिवसाला जेमतेम सोळा. सातवीच्या मुलाला हे गणित येते. आता त्याला सांगा, सोळा रुपयांत एका दिवसाचे जेवण, औषध आणि धारणीच्या दवाखान्यापर्यंतचे भाडे बसवून दाखव. तो बसवू शकणार नाही. शंभर दिवसांनंतर घर कशावर चालते, हे तो स्वतःच विचारेल. दिवाळीनंतर माणसे खाली का उतरतात, याचे उत्तर त्याला तिथे सापडेल. त्या घरातली पोरे शाळेच्या पटावर असून वर्गात का नसतात, तेही समजेल.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती या मांडवातल्या बहुतेकांच्या पगारपत्रकात आहे. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर आपला कापला जातो. फेब्रुवारीची स्लिप पाहून आपण कुरकुरतो. १९७५ साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या योजनेने राज्यभर कामे उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असे या राज्याने ठरवले. आपल्या मुलांना हे कुणी सांगते का? शाल-ब्लँकेट वाटण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट त्यांच्या आईवडिलांच्या पगारातून दर महिन्याला होते. तिला उपकार म्हणत नाहीत, कारण ती कायद्याने ठरलेली आहे, आणि मजूर ते काम हक्काने मागतो. दया आणि हक्क यांतला फरक नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा त्या स्लिपमधून लवकर समजेल.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले, शेंडगावचे, अंजनगाव तालुक्यातले. त्यांचा खराटा आपण प्रत्येक शिबिराच्या फलकावर काढतो. पण कीर्तनात ते प्रश्न विचारत. कर्ज कशासाठी काढले, सावकाराने किती लिहिले, तेराव्याला गावजेवण का घातले, पोरगा शाळेत का नाही? दापुऱ्याला मामाची शेती सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून ते दिवसा गाव झाडत आणि रात्री गावाला त्याचा जमाखर्च विचारत. आपण खराटा घेतला, प्रश्न मागे ठेवले. ते आता परत घ्यायला हवेत.

इथून जवळच वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या, दिव्यांग मुलांचा सांभाळ केला, त्यांना आपले नाव दिले आणि त्यांच्या हातून माळावर झाडे उभी केली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या शाळा तिथे खाऊ घेऊन जातात, मुले हळवी होऊन परततात. पण बाबांनी आयुष्यभर लावून धरलेली मागणी किती शाळांनी वर्गात मांडली? वय १८ झाले की बालगृहातून बाहेर पडावे लागते. ज्याला दिसत नाही, बोलता येत नाही, ज्याचे कुणीच नाही, त्याने अठराव्या वाढदिवसानंतर कुठे जायचे? कायदा बदला, असे बाबा सांगत आले. दहावीच्या वर्गाने यावर आमदारांना सविस्तर पत्र लिहावे. माझ्या मते तो त्या भेटीचा खरा अहवाल होईल.

मेळघाटाचे तसेच. पुण्याची मैत्री संस्था बाळांचे मृत्यू रोखायला १९९७ पासून पावसाळ्यात इथे धडक मोहीम घेऊन आली. पावसाळ्यातच का? मागच्या वर्षीचे धान्य संपलेले असते, नवे पीक शेतात उभे असते, नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात, आणि हगवण, हिवताप नेमके तेव्हाच येतात. बाळे तेव्हा दगावतात. डिसेंबरात कपडे घेऊन जाणाऱ्या शिबिराला यातले काही दिसत नाही. आपण सोयीच्या महिन्यात जातो, गरजेच्या महिन्यात जात नाही. जायचेच असेल तर आधी गावाला विचारून, गाव सांगेल ते काम करायला जावे. आणि एकदा उलटेही करून पाहावे: सेमाडोहकडची कोरकू मुले आपल्या मुलांना जंगल शिकवतील, झाडांची कोरकू नावे सांगतील, मोहाचा भाव आणि व्यापारी किती देतो तेही सांगतील. त्या दिवशी ती मुले गुरू असतील आणि आपली मुले वही उघडून खाली बसलेली असतील.

काही पालक नाराज होतील. पोरांना राजकारण शिकवता का, असे विचारतील. त्यांना त्यांच्याच बागेत न्या. संत्र्याचा बहार व्यापाऱ्याने किती रुपयांत उचलला, तोडणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळाले, हमालाला किती, आणि अमरावतीच्या हातगाडीवर किलोमागे काय भाव निघाला, हे मुलांना विचारत जाऊ द्या. कास्तकाराच्या मुलाला त्यात आपला बापही सापडेल, कारण या साखळीत तोही बहुतेकदा मिळेल ते घेणाऱ्यांच्याच बाजूला उभा असतो.

दुपारच्या सत्रात शिबिरांच्या आखणीवर चर्चा आहे. माझी सूचना तिथे मांडावी, तिच्यावर भांडावे, तिच्यात भर घालावी. प्रत्येक शाळेने यंदा असा एकच हिशेब करावा, मजुरीचा, संत्र्याचा किंवा मोहाचा, आणि मुलांच्या अक्षरातली ती वही पुढच्या संमेलनात टेबलावर ठेवावी. त्या वह्या मी स्वतः वाचायला येईन.