विनोदाची कमाई

विनोदी लेखकाला पैसा मिळतो का, हा प्रश्न आपल्याकडे विनोदाचाच विषय होऊन बसला आहे. अमेरिकेत मात्र दूरचित्रवाणीसाठी विनोद लिहून एक गृहस्थ गडगंज श्रीमंत झाला, आणि ती श्रीमंती त्याने हयातीतच वाटायला काढली. त्याचे नाव सॅम सायमन.

१९५५ साली लॉस एंजेलिसला तो जन्मला. व्यंगचित्रपट काढणाऱ्या एका कंपनीत उमेदवारी केल्यावर त्याने 'टॅक्सी' या मालिकेसाठी आपण होऊन एक संहिता लिहिली. ती पसंत पडली, आणि तिशीच्या आतच त्या मालिकेचा सारा कारभार त्याच्या हाती आला. पुढे १९८९ मध्ये मॅट ग्रोनिंग आणि जेम्स ब्रूक्स यांच्याबरोबर त्याने 'द सिम्पसन्स' ही मालिका उभी केली. तिचे पहिले लेखकमंडळ जमवले ते त्यानेच.

पण ग्रोनिंगशी त्याचे पटेना. १९९३ मध्ये सायमन बाहेर पडला. निघताना त्याने एक शहाणपणा केला: श्रेयनामावलीतले नाव आणि नफ्यातला वाटा, दोन्ही राखून ठेवले. मालिका चालतच राहिली. ज्या कामाला तो हात लावत नव्हता, त्याचे कोट्यवधी डॉलर दरसाल घरी येऊ लागले. आता या पैशाचे करायचे काय?

२००२ साली त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढली. शहरातल्या कोंडवाड्यांत बेवारशी कुत्री येतात आणि कोणी न नेल्यास त्यांना मारून टाकतात. त्यांतली हुशार कुत्री निवडून ही संस्था त्यांना शिकवी आणि बहिऱ्या माणसांना देई, तेही फुकट. दारावरची घंटा वाजली, तान्हे मूल रडू लागले, आगीची सूचना झाली, की असे कुत्रे धन्याला स्पर्श करून आवाजाच्या दिशेने घेऊन जाते. जे कोणाला नको होते, तेच एखाद्या घराचे कान होऊन बसते! मला स्वतःला त्याच्या साऱ्या दानधर्मात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

तुम्ही म्हणाल, माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे एवढे कौतुक कशाला? तर गरीब कुटुंबांना अन्न देण्याचे कामही ही संस्था करी. मात्र शिधा निव्वळ वनस्पतिजन्य. त्यात दूधसुद्धा नाही. त्या बाबतीत गृहस्थ हट्टी खरा.

२०१२ साली त्याच्या देणगीतून देवमाशांच्या शिकारीला विरोध करणाऱ्यांसाठी एक जहाज घेतले गेले. गंमत अशी, की ते पूर्वी जपानी सरकारच्या हवामान खात्याचे होते, आणि ते निघाले जपानी शिकाऱ्यांनाच अडवायला! जहाजाला नाव दिले 'सॅम सायमन'.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला आतड्याचा कर्करोग असल्याचे निघाले. डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत दिली. तो दोन वर्षांहून अधिक जगला. पैसे देण्यात मला सुख वाटते, कर्तव्य म्हणून मी ते करीत नाही, असे तो मुलाखतींतून सांगे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये चिंचिला नावाच्या मऊ लवेच्या लहान प्राण्यांची पैदास करणारी कॅलिफोर्नियातली एक वाडी विकत घेण्यासाठी त्याने पैसे दिले. वाडी बंद झाली आणि चारशेंवर प्राणी सुटले. ८ मार्च २०१५ रोजी सायमन वारला, तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता.