चष्मा घरी राहिला

आम्ही बचत गटातल्या बाराजणी. माइकसमोर आज आमच्यातल्या तिघीच बसल्या आहेत, पण बोलणं बाराजणींचं आहे. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज आपण अक्षरांबद्दल बोलणार आहोत. भिंतीवरची, पाटीवरची, पोस्टरवरची अक्षरं. तुम्ही म्हणाल, त्यात बोलण्यासारखं काय? आम्हालाही तसंच वाटायचं.

आधी मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. गावात रक्त तपासणीचं शिबिर होतं. चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर पाहुण्यांचे हसरे फोटो, हार, कमळं, सोनेरी अक्षरं, सगळं होतं. तारीख मात्र खालच्या कोपऱ्यात, बारीक. वाडीवरची एक सून सातव्या महिन्यात होती. ती चालत आली ती शिबिर उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी. तिला ऐकून घ्यावं लागलं, "बोर्ड लावला होता की! वाचता येत नाही का?" ती मान खाली घालून परत गेली. पुढे बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ते रक्त कमी असल्याचं दोन महिने आधी कळलं असतं.

त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो. कारण आमच्यातल्या कितीतरी जणींना तो फ्लेक्स नीट वाचता आला नव्हता. पण तसं कोण कबूल करणार? आम्ही म्हणतो, "चष्मा घरी राहिला गं, तूच वाच." आमच्यातल्या एकीचा चष्मा तर वीस वर्षं घरीच राहिलाय.

आता दुसरी गोष्ट. गटातल्या एका ताईंची लेक शहरात उपयोजित कला शिकते. म्हणजे जाहिराती, पुस्तकांची कव्हरं, पाकिटं, पोस्टर कशी करायची, त्याचं शिक्षण. सगळे म्हणत होते, डी.एड. कर, नर्सिंग कर. ही म्हणाली, मला अक्षरं काढायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती आली ती कागदांची भली मोठी गुंडाळी घेऊन. आम्ही फराळ करता करता ती उलगडून बघितली.

पहिल्या कागदांवर नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, तिरप्या, गोल. शंभरदा. आम्ही म्हटलं, "एवढी फी भरून रेघा?" ती हसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही लेकीला भाकरी शिकवताना पहिल्या दिवशी गोल भाकरी येते का?" मग तिने बोरू दाखवला. बोरूचं टोक इंग्रजी अक्षरांसाठी एका बाजूला तिरकं कापतात आणि आपल्या देवनागरीसाठी उलट्या बाजूला. त्यामुळे जाड-बारीक कुठे यायचं, ते बदलतं. आपल्या आजोबांच्या पिढीने कित्ता गिरवला तो असाच.

पुढच्या कागदांवर एकच शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेला. 'थेंब' असा लिहायचा की तो टपकतोय असं वाटावं. 'ओझं' असं लिहायचं की ते खाली दबलेलं दिसावं. तिने सांगितलं, मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली नावं कमल शेडगे अशी काढायचे की नाव बघूनच नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. आणि एक धडा तिने आम्हाला रांगोळीवरून समजावला. ठिपके जवळ आले की रांगोळी गिचमिड होते, लांब गेले की तुटते. अक्षराचंही तसंच. अक्षराइतकीच दोन अक्षरांमधली मोकळी जागा बोलते.

तिला या सत्रात एक पोस्टर करायचं होतं. विषय तिने स्वतःच निवडला, बायकांच्या अंगात कमी असलेलं रक्त. का निवडला, ते आम्ही विचारलं नाही. ती वाडीवरची सून तिची मामेबहीण लागते.

तिने आधी तळहाताएवढी वीस छोटी चित्रं काढली होती. त्यातून तीन निवडली, तीनांतून एक मोठं केलं. ते पोस्टर तिने दूध डेअरीच्या भिंतीला चिकटवलं आणि आम्हाला दहा पावलं मागे उभं केलं. म्हणाली, "जिथे अडाल तिथे सांगा. लाजू नका. तुम्ही अडलात तर चूक माझी."

काळ्या कागदावर लाल अक्षरं. बारीक, नाजूक, डोक्यावरची रेघच नाही. एकदम शहरी दिसत होतं. आमच्यातली एक मोठ्याने वाचू लागली, "रक्त मरू या, बळ घरू या!" आम्ही हसून बेजार. ती पोर मात्र गोरीमोरी झाली. तिने लिहिलं होतं, "रक्त भरू या, बळ धरू या."

असं का झालं, ते तिनेच आम्हाला दाखवलं. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, 'म' आणि 'घ' यांची सलग असते. डोक्यावरची रेघच काढून टाकली की ती खूण जाते. सरावाच्या माणसाला अंदाजाने वाचता येतं. जी एकेक अक्षर जुळवून वाचते ती फसते.

खाली लिहिलं होतं, गूळ-शेंगदाणे खा. पण 'ख' चे दोन भाग इतके लांब पडले होते की आम्ही 'रवा' वाचलं. शेंगदाण्याचा कूट माहीत आहे, रवा कुठला? 'ल' बघून एकजण म्हणाली, "हा तर नातीच्या हिंदीच्या पुस्तकातला." खरंच, तो उभ्या दांडीचा हिंदी वळणाचा 'ल' होता. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण अक्षरं ठरवून दिली, त्यात तो पाकळीचाच आहे. कॉम्प्युटरवरचे सगळे फॉन्ट ते पाळत नाहीत, बघून निवडावा लागतो.

मग चित्र. मोठा लाल थेंब. आम्हाला वाटलं रक्तदान आहे, इथे रक्त काढून घेणार. दोघी म्हणाल्या, "मग आम्ही नाही बाई येणार."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आम्हाला हवं होतं ते सगळं खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. कधी? कुठे? पैसे लागतात का? उपाशी यायचं का?

दुसऱ्या दिवशी ती दुसरं पोस्टर घेऊन आली. ते जरा बरं होतं. तिसरं चौथ्या दिवशी आलं. पांढरा कागद, काळी ठसठशीत अक्षरं, डोक्यावर पूर्ण रेघ. आम्ही म्हटलं होतं की रंगीत छपाईला गटाकडे पैसे नाहीत, झेरॉक्स काढावी लागेल. लाल-काळ्याची झेरॉक्स काढली तर सगळंच काळं येतं. थेंबाच्या जागी बाईचा हात आला, बोटाच्या टोकाला छोटासा ठिपका. सर्वांत मोठ्या अक्षरात वार आणि तारीख. त्याखाली उपकेंद्राचं नाव आणि वेळ. मग तीन ओळी: पैसे लागत नाहीत. जेवून या. बोटातून एक थेंब.

ती थोडी खट्टू होती. म्हणाली, "कॉलेजात म्हणतील, यात डिझाइन कुठे आहे?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर पहिलं पोस्टर दिसायला जास्त देखणं होतं. तिने कॉलेजात तिन्ही पोस्टर शेजारी शेजारी लावली आणि आम्ही काय काय वाचलं, तेही खाली लिहिलं. 'रक्त मरू या' सकट. तिच्या सरांनी तिसऱ्यातल्या ओळींमधली जागा आणखी थोडी वाढवायला सांगितली. ती वाढवल्यावर खरंच जास्त सोपं झालं.

ते पोस्टर आम्ही पिठाच्या गिरणीत, डेअरीत, अंगणवाडीत आणि हापशाजवळ लावलं. शिबिराला बायका बऱ्याच आल्या. सगळं श्रेय पोस्टरचं नाही, आशाताई घरोघर फिरल्या होत्या. पण उपाशी कोणी आली नाही, आणि एक दिवस उशिराही कोणी आली नाही.

आणि गिरणीत आम्ही एक दृश्य बघितलं. जिचा चष्मा वीस वर्षं घरी राहिलाय, ती आमची मैत्रीण दळणाचा डबा खाली ठेवून पोस्टरपुढे उभी होती. अक्षरांखालून बोट फिरवत हळूहळू म्हणत होती, "जे-वून या." शेजारची विचारत होती, "काय लिहिलंय गं?" आणि ही तिला सांगत होती.

मैत्रिणींनो, जाता जाता कामाच्या चार गोष्टी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, किंवा गरोदर असताना ११ च्या खाली असेल तर रक्त कमी धरतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. तेव्हा तपासून घ्या.

गटाची, लोणच्याची, शिबिराची पाटी करताना कधी आणि कुठे ते सर्वांत मोठं लिहा. अक्षराच्या डोक्यावरची रेघ ठेवा. 'मुक्त', 'बलू' असे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात, फ्लेक्सवाल्याला नाव घेऊन सांगा. आणि छापण्याआधी कागद दहा पावलांवर धरून आपल्यातल्या सर्वांत कमी शिकलेल्या बाईकडून वाचून घ्या. तिची परीक्षा म्हणून नव्हे. परीक्षा पाटीची.

आणि पुढच्या वेळी एखादा बोर्ड वाचता आला नाही, तर लगेच चष्म्याचं नाव सांगू नका. म्हणा, "नीट लिहा की जरा!"