क्वेबेक, १७७६ : क्रांतीच्या शेजारचे एक वर्ष

१७७६ हे वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी तेरा वसाहतींच्या उत्तरेला, सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला क्वेबेक प्रांत ब्रिटिशांच्या हातून जवळजवळ गेला होता आणि वर्ष संपता संपता पुन्हा त्यांच्या हाती पक्का झाला होता. हा प्रांत मुळात फ्रेंचांचा. १७५९ मध्ये क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर फ्रेंच सैन्य हरले, पुढच्या वर्षी माँट्रियल पडले आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ब्रिटिशांच्या ताब्यावर शिक्कामोर्तब झाले. लोक मात्र तेच राहिले. फ्रेंच बोलणारे, कॅथलिक धर्माचे, नदीकाठच्या लांबट पट्ट्यांवर गहू पिकवणारे शेतकरी. त्यांना तिथे ‘अबिताँ’ म्हणत. त्यांच्यावर ‘सेन्यर’ म्हणजे जमीनदार, आणि गावोगावी पाद्री. इंग्रजी बोलणारे व्यापारी माँट्रियल आणि क्वेबेक शहरांत होते, पण मूठभरच.

एवढ्या मोठ्या परधर्मीय प्रजेला कोणत्या कायद्याने चालवायचे, हा प्रश्न लंडनला दहा वर्षे सुटला नव्हता. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने तो सोडवला. कॅथलिकांना धर्मपालनाची मोकळीक आणि सरकारी पदे मिळाली. दिवाणी व्यवहारात जुना फ्रेंच कायदा कायम राहिला, फौजदारीत इंग्रजी कायदा आला. प्रांताची हद्द दक्षिणेला ओहायो नदीपर्यंत वाढली. निवडून दिलेली विधानसभा मात्र मिळाली नाही. कारभार गव्हर्नर आणि त्याने नेमलेल्या मंडळाकडे राहिला. ही जिंकलेल्यांना त्यांच्याच कायद्याने चालवण्याची युक्ती त्या काळात एकट्या क्वेबेकपुरती नव्हती. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये वारसा, विवाह वगैरे बाबतींत हिंदूंना हिंदू धर्मशास्त्र आणि मुसलमानांना त्यांचा कायदा लावण्याचे ठरवले होते. त्यासाठी पंडितांकडून करवून घेतलेल्या धर्मशास्त्र-संग्रहाचे हॅलहेडने केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले तेही १७७६ मध्येच. त्याच वर्षी मार्चच्या १ तारखेला पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह झाला. इंग्लंडचे साम्राज्य तेव्हा एकाच वेळी किती ठिकाणी तडजोडी करत होते, याचा अंदाज यावरून येतो.

क्वेबेक कायद्याने पाद्री आणि सेन्यर खूश झाले. अबिताँच्या पदरात त्याने काय टाकले, हे इतके सरळ नाही. धान्याचा सव्विसावा हिस्सा चर्चला देणे आता पुन्हा कायद्याने बंधनकारक झाले आणि जमीनदाराच्या देण्यालाही सरकारचा आधार मिळाला. गव्हर्नर गाय कार्ल्टन याची समजूत अशी होती, की सेन्यर आणि बिशप आपल्या बाजूला आले म्हणजे रयत त्यांच्यामागे आपोआप येईल. या खात्रीवरच त्याने आपल्या दोन पलटणी बॉस्टनला धाडल्या आणि एवढ्या मोठ्या प्रांतात जेमतेम काही शेकडा नियमित शिपाई उरले. ही समजूत किती पोकळ होती, ते वर्षभरात उघड झाले.

दक्षिणेकडच्या वसाहतींना हा कायदा असह्य वाटला. ओहायोची जमीन हातची गेली आणि शेजारी कॅथलिक धर्माला राजमान्यता मिळाली. ऑक्टोबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसने ब्रिटनच्या जनतेला उद्देशून जे निवेदन काढले, त्यात कॅथलिक धर्मावर जळजळीत टीका होती. काहीच दिवसांनी त्याच काँग्रेसने क्वेबेकच्या रहिवाशांना पत्र लिहून, धर्मभेद विसरून आपल्याला येऊन मिळण्याचे आवाहन केले. दोन्ही कागद क्वेबेकमध्ये पोचले आणि दोन्ही वाचले गेले.

१७७५ च्या मे महिन्यात या बंडखोर वसाहतींच्या माणसांनी शाम्प्लेन सरोवरावरचा टायकाँडरोगा किल्ला घेतला. हडसन नदी, शाम्प्लेन सरोवर आणि रिशल्यू नदी मिळून न्यूयॉर्कहून सेंट लॉरेन्सपर्यंत जाणारा जलमार्ग होतो. त्याची दक्षिणेकडची किल्ली आता त्यांच्या हाती होती. शरद ऋतूत अमेरिकन सेनानी रिचर्ड माँटगोमेरीच्या सेनेने रिशल्यूवरच्या सें-झाँ किल्ल्याला दीड महिना वेढा घातला, ३ नोव्हेंबरला तो घेतला आणि १३ नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये प्रवेश केला. दुसरीकडे बेनेडिक्ट अर्नोल्ड सुमारे अकराशे माणसे घेऊन मेनच्या जंगलांतून निघाला. उपासमार आणि माघार घेणाऱ्यांमुळे क्वेबेकपुढे पोचली ती सहाशेच्या आसपास. कार्ल्टन माँट्रियलहून कसाबसा निसटून १९ नोव्हेंबरला क्वेबेक शहरात आला. त्याने लष्करी कायदा पुकारला होता, गावांतून माणसे मागितली होती. गावे आली नाहीत. बिशप ब्रियाँने राजनिष्ठेची पत्रके काढली, बंडखोरांना साथ देणाऱ्यांना धार्मिक विधी नाकारण्याचे पाद्र्यांना बजावले, तरी बहुतेक अबिताँ घरीच बसले. काहींनी तर अमेरिकनांना गाड्या, शिड्या आणि धान्य पुरवले.

माँटगोमेरीच्या बऱ्याच शिपायांची मुदत वर्षअखेरीस संपत होती, म्हणून ३१ डिसेंबर १७७५ च्या पहाटे, भर हिमवादळात हल्ला झाला. माँटगोमेरी तोफेच्या माऱ्यात ठार झाला, अर्नोल्डचा पाय जायबंदी झाला, आणि चारशेच्या वर माणसे कैद झाली. चार दिवसांनी कार्ल्टनने माँटगोमेरीचा दफनविधी शहरात सन्मानाने करवला. १७७६ ची सुरुवात झाली ती अशी. तटाबाहेर निम्मी झालेली सेना आणि आत नागरिक, खलाशी, फ्रेंच व इंग्रज स्वयंसेवक मिळून उभी केलेली शिबंदी. वसंतात नदी मोकळी होईपर्यंत तग धरण्याचा कार्ल्टनचा बेत होता आणि त्याने तो निष्ठेने पाळला.

त्या हिवाळ्यात तटाबाहेरच्या सेनेला दोन गोष्टींनी पोखरले.

पहिली देवीची साथ. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून आलेल्या बहुतेक पोरांना लहानपणी देवी आलेल्या नव्हत्या. ब्रिटिश शिपायांना एकतर त्या येऊन गेलेल्या असत किंवा टोचणी झालेली असे. अमेरिकन छावणीत टोचून घ्यायला बंदी होती, कारण टोचलेला माणूस काही आठवडे कामातून जाई आणि त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका असे. काही शिपाई ही बंदी मोडून चोरून टोचून घेत, त्याने साथ आणखी पसरे. मे महिन्यात सेनापती म्हणून आलेला जॉन थॉमस हा पेशाने डॉक्टर, आणि तोही २ जूनला देवीनेच गेला. या अनुभवानंतरच पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने सगळ्या सेनेला टोचून घेण्याचा हुकूम काढला.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि क्वेबेकच्या दृष्टीने तीच अधिक निर्णायक म्हणावी लागेल. अमेरिकन सेनेकडची चांदी माघ-फाल्गुनातच संपली. मग काँग्रेसच्या कागदी नोटा पुढे आल्या. कागदी पैशाने अंग भाजलेल्या लोकांपुढे त्या ठेवल्या गेल्या होत्या. फ्रेंच अमलात इथे पत्त्यांवर सही-शिक्का करून चलन काढले जाई, पुढे इतर कागदी हुंड्याही निघाल्या आणि पराभवानंतर फ्रान्सने त्यांचे देणे पूर्ण फेडले नाही. शेतकऱ्यांनी नोटा नाकारल्या. तेव्हा धान्य, घोडे, सरपण सक्तीने उचलले जाऊ लागले. आधी आस्थेने दार उघडणारी गावे आता दार लावून घेऊ लागली. माँट्रियलचा अमेरिकन सेनाधिकारी डेव्हिड वूस्टर हा कॅथलिकांविषयीचा पूर्वग्रह लपवणारा माणूस नव्हता, त्याने या तेढीत भर घातली. २५ मार्चला क्वेबेकच्या पूर्वेला सें-पिएर इथे चकमक झाली. अमेरिकनांच्या बाजूने तीत फ्रेंच कॅनेडियन होते, आणि समोरच्या राजनिष्ठ टोळीतही तेच होते.

परिस्थिती सावरायला काँग्रेसने एक शिष्टमंडळ धाडले. सत्तर वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन, सॅम्युएल चेस, मेरिलँडचा कॅथलिक जमीनदार चार्ल्स कॅरोल, आणि पाद्र्यांची मने वळवायला त्याचा नातलग, जेझुइट धर्मगुरू जॉन कॅरोल. माँट्रियलमध्ये छापखाना काढायला फ्ल्यूरी मेप्ले हा फ्रेंच मुद्रकही येणार होता. २९ एप्रिलला शिष्टमंडळ माँट्रियलला पोचले. त्याच्या निरोप्याला सें-झाँच्या तरीवर नावाड्याने अडवले, कारण त्याच्याजवळ फक्त कागदी डॉलर होता. ओळखीच्या एका माणसाने तो चांदीत बदलून दिला तेव्हा तर सुटली. शिष्टमंडळाने काँग्रेसला कळवले ते थोडक्यात हेच, की चांदी पाठवता येत नसेल तर सेना परत बोलवावी. पाद्री बधले नाहीत. जे सवलतीने मिळवायचे ते क्वेबेक कायद्याने त्यांच्या हाती आधीच पडले होते. फ्रँकलिन ११ मे रोजी माघारी निघाला. मेप्ले मात्र राहिला, तुरुंगात गेला, आणि दोनच वर्षांनी त्याने माँट्रियलमध्ये सुरू केलेल्या पत्राला आजच्या ‘माँट्रियल गॅझेट’चा पूर्वज मानतात.

६ मे रोजी बर्फातून वाट काढत ‘सरप्राइज’ ही ब्रिटिश युद्धनौका क्वेबेकपुढे आली, मागोमाग आणखी दोन. त्याच दिवशी कार्ल्टन तटाबाहेर पडला आणि वेढा घालणारी सेना तोफा, सामान, एवढेच नव्हे तर आजारी माणसेही टाकून पळाली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत लढाई म्हणावी असे फारसे घडलेच नाही. माँट्रियलच्या पश्चिमेला ‘सीडर्स’ इथे कॅप्टन फॉर्स्टरने मूठभर शिपाई आणि मोहॉक वगैरे मूलनिवासी योद्धे घेऊन अमेरिकन ठाण्याला शरण आणले. आयर्लंडहून पलटणी आणि जर्मनीतल्या ब्रन्सविकहून भाड्याची फौज उतरत होती. जनरल बर्गोइन तिच्यासोबत होता. ८ जूनला अमेरिकनांनी त्र्वा-रिव्हिएरवर हल्ला केला. अँत्वान गोतिए नावाच्या स्थानिक शेतकऱ्याने वाट दाखवण्याच्या मिषाने त्यांना दलदलीत नेऊन घातले आणि त्यांचा सेनानी जनरल थॉम्सन कैद झाला. जून सरता सरता प्रांतात एकही अमेरिकन तुकडी उरली नाही. फिलाडेल्फियात ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा हरलेली ही सेना शाम्प्लेन सरोवरावरच्या क्राउन पॉइंटला देवीच्या रोग्यांची मोजदाद करत होती.

अटलांटिककाठच्या नोव्हा स्कोशियात वर्ष निराळे गेले. मार्चमध्ये बॉस्टन सोडलेले ब्रिटिश सेनापती हाऊचे सैन्य आणि त्यामागे राजनिष्ठ कुटुंबे हॅलिफॅक्सला उतरली, भाडी आणि धान्याचे भाव कडाडले, आणि जूनमध्ये सैन्य न्यूयॉर्कला निघून गेले. तिथल्या रहिवाशांत न्यू इंग्लंडहून आलेले निम्म्याहून अधिक होते, तरी नोव्हेंबरात जोनाथन एडीने फोर्ट कंबरलंडला घातलेल्या वेढ्याला फार थोडेच येऊन मिळाले. कुमक येताच तोही उठला.

क्वेबेकमध्ये कार्ल्टनने विजयानंतर जे केले ते लढाईपेक्षा बोलके आहे. फ्रान्स्वा बाबी, गाब्रिएल-एल्झेअर ताशरो आणि जेंकिन विल्यम्स या तिघांना त्याने क्वेबेक शहराभोवतीच्या गावांच्या तपासणीला धाडले. २२ मे पासून जुलैच्या मध्यापर्यंत हे तिघे पन्नासहून अधिक गावांत फिरले. गावकऱ्यांना गोळा करायचे, कोणी शत्रूला काय पुरवले ते विचारायचे, अमेरिकनांनी दिलेल्या सनदा लोकांसमक्ष जाळायच्या, बेइमान मिलिशिया-कप्तानाला काढून दुसरा नेमायचा. त्यांच्या रोजनिशीत स्त्रियाही येतात. घरोघर फिरून बंडाचा प्रचार करणाऱ्या ऑर्लियन्स बेटावरच्या एकीला लोकांनी ‘हंगेरीची राणी’ असे नावच ठेवले होते. या रोजनिशीमुळे एक गोष्ट निर्विवाद ठरते. राजनिष्ठ रयतेची गोष्ट सेन्यर आणि पाद्र्यांनी नंतर रंगवली. प्रत्यक्षात बहुतेक गावे दोन्ही बाजूंना ओळखून होती आणि दोघांनाही शक्य तितके कमी देत होती. फाशी मात्र कोणाला झाली नाही. अमेरिकन कैद्यांनाही कार्ल्टनने पुन्हा न लढण्याच्या वचनावर घरी पाठवले.

उन्हाळ्याचे उरलेले महिने जहाजे बांधण्यात गेले. रिशल्यूवर शांब्लीला खडकाळ, खळाळता प्रवाह असल्याने सेंट लॉरेन्समधली जहाजे सरोवरात नेता येत नाहीत. म्हणून ‘इन्फ्लेक्झिबल’ हे अठरा तोफांचे जहाज तुकडे करून सें-झाँला नेले आणि तिथे २८ दिवसांत पुन्हा उभे केले. ११ ऑक्टोबरला व्हॅलकोर बेटापाशी अर्नोल्डच्या घाईने बांधलेल्या पंधरा नौकांशी गाठ पडली. त्या रात्री अर्नोल्ड धुक्यातून निसटला, पण दोन दिवसांत त्याचा काफिला बहुतेक संपला. बुडालेली ‘फिलाडेल्फिया’ नौका १९३५ मध्ये सरोवरातून वर काढली गेली. कार्ल्टनने क्राउन पॉइंट घेतला, टायकाँडरोगा लांबून पाहिला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला थंडी जवळ आल्याने माघारी फिरला. लंडनमध्ये मंत्री जॉर्ज जर्मेन त्याच्यावर आधीच नाराज होता. पुढच्या मोहिमेची सूत्रे बर्गोइनकडे गेली आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला ती संपली. आरमारी लढाई हरूनही अर्नोल्डने वर्षभराचा वेळ मिळवला, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खरे आहे. ते अमेरिकेचे माप झाले. क्वेबेकच्या मापाने पाहिले, तर कार्ल्टनच्या याच जहाजांनी प्रांताच्या दक्षिण दाराला कडी घातली आणि युद्ध संपेपर्यंत त्या वाटेने मोठी स्वारी पुन्हा झाली नाही.

३१ डिसेंबर १७७६ रोजी क्वेबेकच्या कॅथेड्रलमध्ये विजयाप्रीत्यर्थ प्रार्थना झाली आणि अमेरिकनांना साथ दिलेल्या काही जणांना सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यावे लागले. नव्या वर्षात मंडळाने मिलिशियाचा वटहुकूम काढून १६ ते ६० वयाच्या सर्व पुरुषांना सेवा सक्तीची केली. मनाने न आलेल्या रयतेला आता कायद्याने आणायचे, हा त्याचा सरळ अर्थ. इंग्रज व्यापारी ज्या विधानसभेसाठी युद्धाआधीपासून अर्ज करत होते, ती १७९१ च्या कायद्याने मंजूर झाली आणि तिची पहिली बैठक डिसेंबर १७९२ मध्ये भरली.